टाळूखालची शीर

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

एस्टी सुटली आणि सांगायचं राहूनच गेलं. सोमवारी आयएनआर कर, रक्त पातळ करायच्या गोळीची ती रक्ततपासणी. आकडा दोन ते तीनच्या मध्ये हवा, तुला माहीत आहे, तरी लिहिते.

बाबांनी रात्री तुझी व्हेनोग्राफीची फिल्म, मेंदूतल्या शिरांचा तो फोटो, पुन्हा ट्यूबलाइटसमोर धरली. मधोमध पुढून मागे गेलेली ती पांढरी शीर, मागे दोन फाटे. डावा थेट मानेत उतरतो, उजवा मध्येच पुसल्यासारखा. मेंदूतलं रक्त परत यायची वाट हीच, म्हणाले डॉक्टर. तिथे गुठळी झाली की रक्त मागे तुंबतं, म्हणून आडवी झालीस की तुझं डोकं जास्त ठणकायचं. आणि मी पित्त समजून सुंठ उगाळत बसले!

हरतालिकेला तू पाणीही घेतलं नव्हतंस. गौरी जेवायच्या दिवशी अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मीच आणल्या, डॉक्टरांना न विचारता. कारण एकच नसतं, असं डॉक्टर म्हणतात. पण कपबशी सुटून तुझा डावा हात झटके द्यायला लागला, ते डोळ्यांपुढून जात नाही. पुढच्या वर्षी पाळी आली तर येऊ दे. नैवेद्य तूच दाखवायचास.

मेथी-पालक बंद करू नकोस, पण एक दिवस जुडीभर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असंही नको; त्याने गोळीचा परिणाम कमी-जास्त होतो. मेडिकलमधून परस्पर वेदनाशामक आणू नकोस. पुढे कधीही हार्मोनची गोळी कोणी दिली तर आधी हे आजारपण सांग. पाणी पी. पुन्हा शिकवायला लागले, राग मानू नकोस. पोटात इंजेक्शन स्वतःच्या हाताने घ्यायला शिकलेली मुलगी तू. माझा तर हात कापत होता.

ती मोठी शीर टाळूच्या बरोबर खालून जाते, हे मला आता कळलं. तू बारा दिवसांची असताना तिथेच मी तेल भरायचे. बोटाखाली मऊ धडधड लागायची, दाबलं जाईल म्हणून श्वास रोखून धरायचे. आजी हसायची.

सोमवारी रिपोर्टचा फोटो पाठव. आकडा काहीही येवो, रागावणार नाही. आणि डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधुक झालं, तर आधी हॉस्पिटल गाठ, मग रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन कर. बाबांची झोपमोड होईल म्हणून थांबू नकोस. फोन माझ्या उशाशीच असतो.

तुझी,
आई