करवत लावण्यापूर्वी

केज तालुका, जि. बीड

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. तू जुनी स्प्लेंडर विकत घेतलीस आणि तिची चासी मागून कापून, एकट्यापुरती सीट बसवून घरच्या घरी तिचे रूप पालटणार आहेस, हे वाचून आनंद झाला, कारण लातूरच्या खोलीत आपण दोघांनी मिळून पहिल्यांदा कार्बोरेटर उघडला होता, तो दिवस आठवला. कापण्याची ओळ वाचल्यापासून मात्र मन स्वस्थ नाही. म्हणून हे पत्र सविस्तर लिहितो आहे.

वडिलांची स्प्लेंडर तुला माहीत आहेच. तिच्यात मी गेल्या काही वर्षांत जे बदल केले, त्यांतला एकही शोभेसाठी नव्हता. पहिला बदल 2016 च्या उन्हाळ्यातला. मांजरा धरण कोरडे पडले होते आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते. आमच्या गावात टँकर फाट्यावर थांबे आणि तिथून घरापर्यंत पाणी आपापल्या सोयीने न्यावे लागे. तेव्हा अँगल कापून मी गाडीला दोन्ही बाजूंनी वीस-वीस लिटरचे कॅन बसतील असे कॅरियर तयार केले. ते चासीला वेल्डिंगने न जोडता, मागच्या शॉकअपच्या वरच्या बोल्टवर आणि सीटखालच्या मूळ छिद्रांवर कसले. चाळीस किलोंचे ते ओझे रोज दोन-तीन खेपा वाहूनही चासीला काही झाले नाही, आणि पाऊस पडल्यावर अर्ध्या तासात कॅरियर काढूनही ठेवता आले.

दुसरे काम मडगार्डचे. आमचा आखाडा, म्हणजे शेतातले घर, गावापासून अडीच किलोमीटर आहे आणि पाणंद सगळी काळ्या मातीची. पहिला पाऊस झाला की ती माती चाकाला चिकटते, मडगार्डमध्ये थरावर थर बसतो आणि शेवटी चाक जागेवर जाम होते. मी लोखंडी पट्ट्या करून पुढचे मडगार्ड दीड इंच वर घेतले. त्यापूर्वी गाडीवर दोघांना बसवले, पुढचा ब्रेक दाबून धरला आणि शॉकअप पूर्ण दबल्यावर मडगार्ड वर कुठे टेकते का, ते पाहिले. ही तपासणी तूही करावीस, कारण खड्ड्यात मडगार्ड टेकले तर चाक अडकते आणि माणूस हँडलवरून पुढे जातो.

पुढचे स्प्रॉकेट, म्हणजे साखळी फिरवणारे दातेरी चाक, चौदा दात्यांऐवजी तेरा दात्यांचे घातले. ओढ साधारण पावणेआठ टक्क्यांनी वाढली, वेग साधारण सात टक्क्यांनी कमी झाला. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येत असल्यामुळे त्याचे वाचन बिघडले नाही.

आता हेडलाइट. या कामात माझा सर्वांत जास्त वेळ गेला. शेतीची लाइट आमच्याकडे एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते. रात्रपाळीच्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायला दीड-दोन वाजता निघावे लागते. वाटेत साप असतात, रानडुकरे असतात. आपल्या या जुन्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही. तो मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागाच्या, एसी करंटवर थेट चालतो, म्हणून चिखलात गाडी हळू झाली की नेमक्या गरजेच्या क्षणी उजेड मंदावतो. मी घाईने 35 वॉटच्या जागी 60 वॉटचा बल्ब घातला, तर उजेड वाढण्याऐवजी लालसर झाला, कारण मॅग्नेटोत तेवढी ताकदच नव्हती. मग तोच बल्ब बॅटरीला जोडला. बारा व्होल्टवर 60 वॉटचा बल्ब 5 अँपिअर ओढतो आणि मूळ बॅटरी अवघी 2.5 अँपिअर-तासांची. तिसऱ्या रात्री आखाड्यावर पोहोचण्याआधीच अंधार झाला, हँडलवरच्या बटणाचे प्लॅस्टिक वितळल्याचा वास आला आणि मी तोंडात टॉर्च धरून घरी परतलो. आई दारात बसून होती. ते अजून विसरलो नाही.

त्यानंतर काम नीट केले. मॅग्नेटोचे कव्हर उघडले, लाइटच्या कॉइलचे अर्थला डाख दिलेले टोक सोडवून उष्णतेला टिकणाऱ्या स्लीव्हमधून स्वतंत्र वायरने बाहेर काढले आणि दोन्ही टोके फुल-वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायरला, म्हणजे एसी करंटचा बॅटरीला चालेल असा डीसी करंट करणाऱ्या डबीला, दिली. इग्निशनच्या कॉइलला हात लावला नाही. बॅटरी 5 अँपिअर-तासांची बसवली, बल्ब पुन्हा मूळ 35 वॉटचाच ठेवला, आणि त्याला रिले (बटणाच्या थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) व 10 अँपिअरचा फ्यूज लावून करंट थेट बॅटरीकडून दिला, म्हणजे बटणावर भार येत नाही. आता गाडी उभी असतानाही उजेड स्थिर असतो.

एवढे सगळे सांगितले ते तुझ्या करवतीसाठी. चासीचा मागचा भाग म्हणजे सीटची नुसती बैठक नव्हे. मागचे शॉकअप वरून त्याच्यावरच टेकतात, म्हणजे बसणाऱ्याचे वजन आणि खड्ड्याचा धक्का त्याच पाइपांतून जातो. घरच्या वेल्डिंगमध्ये तापलेल्या जोडाशेजारचे लोखंड कमकुवत झाले, तर ते दिसत नाही. ते वेगात असताना कळते. कायद्याचेही तसेच आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय मागची सीट गेली की साडीगार्ड, मागे बसणाऱ्याने धरायचे हँडल आणि पायदानही जाईल. वहिनी आणि काकू त्या गाडीवर कधीच बसणार नाहीत, असे तू ठरवले आहेस का?

रंग बदल, सीटचे फोम आणि कव्हर बदल, हँडलचे ग्रिप बदल. सीटला मूळ छिद्रांवर कसता येईल असा एकट्याचा सांगाडा हवा असेल, तर तो आपण इथे पत्र्यात बनवू. मी हेडलाइटच्या वायरिंगचा आराखडा सोबत पाठवतो आहे. त्यात लाल शाईने खूण केलेली वायर कॉइलची आहे, ती सोडवण्यापूर्वी बॅटरीचे टोक काढायला विसरू नकोस. दिवाळीला येशील तेव्हा गाडीवरूनच ये आणि चासी जशी आहे तशी घेऊन ये.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
आखाड्यावरचा मित्र