धुऱ्यावरचे अकरा साग

देवरुख, १२ मार्च

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "तू वनखात्यात, अन् झाडं तोडायची परवानगी तूच देते?" मी "हो" म्हणाले आणि तेवढ्यात रेंज गेली. डोंगरावरून खाली उतरेपर्यंत रात्र झाली होती. तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही. बाबा, तुमच्या आवाजात राग नव्हता, पण वाईट वाटल्याचं कळलं. म्हणून सविस्तर लिहिते. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव, त्यांचा चष्मा बदलायचा राहिलाय हे मला माहीत आहे.

पांढरकवड्याकडे जंगल म्हटलं की ते सरकारचंच, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल फार थोडं. समोर दिसतो तो हिरवा डोंगर बहुतेक कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो. आणि सातबारा एकाचा नसतो. गेल्या महिन्यात एका अर्जाला तेवीस नावं होती, त्यातली निम्मी माणसं मुंबईला, नालासोपाऱ्याला. प्रत्येकाची संमती लागते. एक चुलता बोलत नाही म्हणून अख्खा अर्ज पडून राहतो. कधी वाटतं, कोकणातलं निम्मं जंगल भाऊबंदकीनंच राखलंय.

मालकाला स्वतःचं झाड तोडायचं असलं तरी काही जातींसाठी परवानगी लागते. त्यासाठी १९६४ चा वृक्षतोड अधिनियम आहे. साग, खैर, ऐन, किंजळ, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, जांभूळ अशी सोळा नावं त्याच्या यादीत आहेत. अर्ज आला की मी वनपाल आणि वनरक्षकाला घेऊन जागेवर जाते. हद्द पाहते. प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, टेपनं मोजून वहीत लिहायचा, नंबर टाकायचा, खात्याच्या शिक्क्याचा हातोडा मारायचा. उभ्या चढावरची आणि ओढ्याच्या काठची झाडं मी सोडायला लावते. तोड झाली की पुन्हा जायचं आणि थुटं, म्हणजे जमिनीत उरलेले बुंधे, यादीशी ताडून पाहायची. एक थूट जास्त निघालं की पंचनामा. हे सगळं जुळलं, तरच लाकडाला वाहतूक परवाना. बांबूला मात्र हे लागत नाही. खासगी जमिनीतला बांबू २०१७ साली भारतीय वन कायद्याच्या 'झाड' या व्याख्येतून काढला, ते फार बरं झालं.

कागदावर हे काम एवढंच आहे. पहिल्या वर्षी मीही एवढंच केलं, आणि त्यातूनच माझी मोठी चूक झाली.

एका उतारावरच्या ऐन-किंजळीला मी परवानगी दिली होती. नंबर बरोबर, घेर बरोबर, एकही थूट जास्त नाही. पण झाडं कशी तोडायची ते मालकाशी बोलले नाही. ठेकेदाराच्या माणसांनी वाकायला नको म्हणून कटर कमरेएवढ्या उंचीवर चालवला, खोडांची साल फाडली. पुढच्याच महिन्यात गवतासाठी कुणीतरी वणवा लावला. ऐन आणि किंजळ नीट तोडली तर थुटातून फुटवा येतो, दहा-पंधरा वर्षांत पुन्हा रान उभं राहतं. तिथे फुटवा आलाच नाही. पहिल्या मोठ्या पावसात त्या उताराची लाल माती ओढ्यातून खालच्या भाताच्या खाचरात गेली. कायद्यानं माझ्याकडे कुणीच बोट दाखवलं नाही. मी त्या खाचराच्या बांधावर उभी राहिले आणि मला बाबांचं वावर दिसलं.

तेव्हापासून परवानगीचा कागद हातात देण्याआधी मी मालकासोबत डोंगर चढते. जमिनीलगत तोडा. काप तिरका ठेवा, म्हणजे पाणी साचून थूट कुजणार नाही. साल सोलू देऊ नका. निदान तीन वर्षं आग लावू नका. यातलं काही माझ्या अहवालात येत नाही.

गेल्या महिन्यात एका आजींच्या डोंगरावर गेले होते. नवरा नाही, मुलगा मुंबईत, वादळात घराचं छप्पर गेलेलं. ठेकेदारानं सगळ्या डोंगराचा उक्ता सौदा केला होता. किती झाडं, कुठली, कशाची मोजणी नाही. आजी म्हणाल्या, "बाय, मला पैसे हवेत, तू नाय म्हणू नको." मी नाही म्हणणार नव्हतेच. छप्पर हवं असलेल्या बाईला झाडांचं महत्त्व मी कोण सांगणार? मी त्यांच्या नातवाच्या हातात टेप दिला. दोन दिवस आम्ही मोजत होतो. लाकडाचा हिशोब सोपा आहे, बाबा: घेराचा चौथा भाग घ्यायचा, त्याला त्यानंच गुणायचं, मग लांबीनं गुणायचं. घेर १२० सेंटिमीटर आणि लांबी ३ मीटर असेल तर ०.२७ घनमीटर. या रीतीत गोल लाकडाचा पाचवा हिस्सा तरी घेणाऱ्याच्या पदरात फुकट पडतो, आणि हे विकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. भाव सांगणं माझं काम नाही. पण मोजायला शिकवलं तर मला कोण अडवणार? नातवानं शाळेच्या वहीत यादी केली आणि आजींनी ती वही ठेकेदारापुढे ठेवली. सौदा मोडून नव्यानं झाला, नगावर. दोन दिवस मला फोन येत होते, कुणाकुणाचे ते लिहीत नाही.

त्याच डोंगरावर एक जुना बेहडा होता, खोडात ढोली. खाली बिया आणि विष्ठा पडलेली पाहून मी थांबले. अर्ध्या तासानं धनेश पक्ष्याचा नर आला, चोचीत उंबरं. ढोलीच्या फटीतून आत एकेक देत राहिला. मादी आत स्वतःला लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते, आतच पिसं टाकते आणि पिल्लं मोठी होईपर्यंत सगळं नराच्या जिवावर. बेहडा त्या सोळांच्या यादीत नाही, त्यामुळे तो पाडायला माझ्या परवानगीची गरजच नव्हती. वन्यजीव कायद्यात घरट्याला धक्का लावणं ही शिकारच, ते मी ठेकेदाराला स्पष्ट सांगितलं. आजी काठी टेकत वर आल्या, खोडाला हात लावून उभ्या राहिल्या. "बाळंतीणच ना ती," म्हणाल्या. बेहडा राहिला, आणि त्याच्याभोवतीची सात झाडंही त्यांनी आपणहून यादीतून काढायला लावली.

आता जे सांगायला एवढं लिहिलं ते सांगते.

गेल्या दिवाळीत तुम्ही बाजाराला गेला होता तेव्हा मी वावरात गेले आणि धुऱ्यावरच्या सागांची थुटं मोजली. अकराच्या अकरा. मधलं लाकूड अजून टणक आहे. थुटाचा घेर वरच्या खोडापेक्षा जास्त भरतो, तेवढी वजावट करूनच हिशोब मांडला. बाबा, माझ्या अकोल्याच्या होस्टेलच्या फीसाठी तुम्ही ते साग उक्ते दिले होते. संध्याकाळी व्यापारी आला, धुऱ्यावरून एक चक्कर मारली, आणि आईनं चहा करेपर्यंत सौदा झाला होता. टेप कुणीच लावला नाही. तुम्हाला काय मिळालं ते मला माहीत आहे, कारण त्यातूनच मी दोन वर्षं राहिले. किती मिळायला हवं होतं तो आकडा माझ्या वहीत आहे. तुम्ही विचाराल तरच सांगेन. मी आजींच्या डोंगरावर दोन दिवस का घालवले, ते आता तुम्हाला कळेल.

पण त्या दिवशी मला आणखी एक दिसलं. अकरापैकी नऊ थुटांना फुटवे आहेत, काही माझ्या मांडीएवढे जाड. एकेका थुटावर चार-पाच उभे आहेत आणि एकमेकांना वाढू देत नाहीत. पाऊस पडायच्या आत प्रत्येकावर एकच ठेवा, सरळ आणि जमिनीच्या जवळून निघालेला. बाकीचे काढा, मांडवाला बल्ल्या होतील. कोणता ठेवायचा याची घाई करू नका, मी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात येते, मिळून ठरवू. तोवर तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्या. ती नसली की पुढे परवानगीला फार फेऱ्या पडतात, हे मी रोज पाहते. आणि धुऱ्यावरचं गवत या वर्षी जाळू नका.

आई, तुझ्या गुडघ्याचं तेल पाठवलंय, कुरिअरवाला फोन करेल. येताना कोकम आणते. टेपही आणते, एक घरीच ठेवू.

तुमची,
ताई