बाळ्या, तुझा विग आठवला

सोलापूर, १२ ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

आठ महिन्यांत पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालत असशील, घाल. वहिनींचा गुडघा कसा आहे? इकडे सगळे बरे. आक्कांचं मोतीबिंदूचं झालं, आता माझ्या शर्टावरचा एकेक डाग त्यांना दिसतो. पाणी काल येऊन गेलं. झाली खुशाली.

हे फोनवर सांगितलं असतं, पण फोन स्पीकरवर टाकायची तुझी खोड जात नाही, आणि ही गोष्ट तुझ्या अख्ख्या घराने ऐकावी अशी नाही.

दोन वर्षांपासून मी थायरॉइडची गोळी घेतोय, ७५ मायक्रोग्रॅमची. टीएसएच १२ आलं होतं तेव्हाची गोष्ट. ऑगस्टअखेर नेहमीसारखं रक्त दिलं, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला. टीएसएच ०.०३, पुढे चांदणी. फ्री टी-फोर, म्हणजे रक्तातलं थायरॉइडचं हार्मोन, २.६, त्यालाही चांदणी. बाजूला छापलेलं: टीएसएच ०.४ ते ४, फ्री टी-फोर ०.८ ते १.८.

हे गणित मी आपल्या मागाच्या भाषेत लक्षात ठेवलंय. मेंदूखालची ग्रंथी मुकादम, गळ्यातली विणकर. कापड कमी उतरलं की मुकादम ओरडतो, ते ओरडणं म्हणजे टीएसएच. टॉवेलांच्या थप्प्या लागल्या की तो गप्प. म्हणजे ०.०३ला मुकादमाची वाचाच गेली, अंगात हार्मोन उतू चाललंय. अशा माणसाला धडधडतं, हात थरथरतात, घाम फुटतो, वजन उतरतं.

आणि मी? दुपारी गल्ल्यावर डुलक्या. वजन चार किलोंनी वर. नाडी ६२. एका रात्री पंखा बंद करून दोन चादरी ओढल्या, तर ही म्हणाली, सोलापुरात ज्याला थंडी वाजते त्याला सरळ दवाखान्यात न्यावं. डॉक्टरांनी कागद बघितला, माणूस बघितला नाही. गोळी ५०ची केली.

मी घाबरलो ते का, हे तुलाच कळेल. आईची ती धडधड. रात्री दोनला रिक्षा तू आणली होतीस. तीही हीच गोळी घ्यायची. डोस जास्त होऊन टीएसएच असं तळाला राहिलं, तर उतारवयात हृदयाचा ताल बिघडू शकतो, हे मला आत्ता कळतंय. तिची फाइल काढली. शेवटच्या तीन वर्षांत टीएसएचचा एकही कागद नाही. कुणाला विचारू? दवाखान्यात तिला मीच नेत होतो. फाइल परत कपाटात ठेवली. हिलाही बोललो नाही.

असो. गोळी कमी केल्यावर तीन आठवड्यांत डुलक्या दुप्पट. मग डोकं फिरलं. एकाच सकाळी दोन लॅबमध्ये रक्त दिलं. पहिलीत टीएसएच ०.०४. दुसरीत ७.१, आणि टी-फोर व्यवस्थित १.०. माणूस एक, हात एक, मध्ये एक चहासुद्धा नाही. टीएसएच दिवसभरात थोडं वरखाली होतं, पहाटे जास्त, दुपारी कमी, हे मान्य. पण एवढं?

दुसऱ्या लॅबमधला पोरगा हुशार. म्हणाला, "काका, आणखी कुठल्या गोळ्या? केसांच्या वगैरे?"

आता हसू नकोस बे.

मार्चपासून मी केसांच्या गोळ्या खातोय. चिमीचं लग्न मार्गशीर्षात, फोटोत मांडवाचे दिवे डोक्यावर चमकायला नकोत म्हणून. डबी दुकानात, बिलबुकांच्या मागे. गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यात तुझा विग उडाला तेव्हा ज्याने खाली उतरायच्या आत नवी पेठभर बातमी केली, आणि ज्याच्याशी तू वर्षभर बोलला नाहीस, तोच हा माणूस. वर्षभर जरा जास्तच होतं हे माझं मत कायम आहे. पण तू का बोलला नाहीस ते आता कळलं.

तर त्या गोळीत बायोटिन, १० मिलिग्रॅम. माणसाला दिवसाला लागतं ३० मायक्रोग्रॅम. म्हणजे तीनशे पटींच्या वर! काही लॅबच्या तपासणीत हेच बायोटिन गोंदासारखं वापरतात. रक्तातच ते भरपूर असलं की गोंदाच्या जागा अडतात आणि यंत्र फसतं: टीएसएच खोटं खाली दिसतं, टी-फोर खोटं वर. दोन्ही आकडे एकमेकांना दुजोरा देतात, म्हणून शंका येत नाही. सगळीकडची यंत्रं हा गोंद वापरत नाहीत, म्हणून दुसरीकडे खरं आलं. मुकादम कदाचित घसा फोडून ओरडत होता, आणि आम्ही त्याच्या विणकराचे तास कमी केले.

डॉक्टरांना सांगितलं. ते माझ्या डोक्याकडे बघून म्हणाले, "फरक तर काही दिसत नाही." आठवडाभर केसांच्या गोळ्या बंद ठेवून पहिल्याच लॅबमध्ये परत रक्त दिलं: ७.४. गोळी पुन्हा ७५. आता सहा आठवडे थांबायचं, कारण हे औषध रक्तातून आठवड्याला अर्धंच उतरतं, आकडा स्थिरावायला तेवढे दिवस लागतात. गंमत बघ, ऑगस्टचा आकडा खोटा आणि नंतरचे ५०च्या गोळीवरचे, म्हणजे ७५ मला पुरत होती की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही. सध्या पहाटे उठून उपाशीपोटी गोळी, अर्ध्या तासाने चहा, आणि हिला वाटतं मी लग्नाच्या काळजीने उठतो.

गोट्याच्या नोकरीचं काय झालं? तुझी बदली रद्द झाली म्हणे, बरं झालं. शिंदे सर गेले, कळलं असेल. रक्त तपासणार असलास तर आधी काय काय खातोस ते सांग तिथे. तू खातोस, मला माहीत आहे.

लग्नाला चार दिवस आधी ये. बिलबुकांमागची डबी निम्मी भरलेली आहे, फेकवत नाही, बाराशेची आहे. नेतोस का?

तुझा,
पक्या