बकेट सपाट आहे की नाही, सीटवरून कसे कळावे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उसाचे गळीत आटोपत आले की सातारा-सांगलीकडे ट्रॅक्टरला लावलेल्या लोडरचे काम वाढते. प्रेसमड (साखर कारखान्यातला गाळ) ट्रॉलीत भरायचे, उकिरडा उपसायचा, वस्तीच्या रस्त्यावर मुरूम ओढायचा. या सगळ्यात ड्रायव्हरला नेमकी एकच गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे बकेटचा तळ. समोर बॉनेट, त्यापुढे बकेटची पाठ. तळ जमिनीला समांतर आहे का नाक, म्हणजे पुढची पात्याची कड, खाली गेलेय, हे तो इंजिनच्या आवाजावरून ओळखतो, आणि पुष्कळदा उशिरा ओळखतो.

नाक खाली असले की पाते गोठ्यातल्या कोब्याच्या सांध्यात अडकते. लिव्हर खाली दाबलेला असेल तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. नाक वर असले तर शेणाचा थर तसाच मागे राहतो. मुरूम ओढताना तर आणखी गंमत. पाते खोल जाते, ड्रायव्हर घाईने वर ओढतो, तिथे उंचवटा राहतो. पुढची चाके त्या उंचवट्यावर चढली की बकेट आणखी वर जाते, उतरली की आणखी खोल. एकदा अशी लाट सुरू झाली की ती पुढे वाढतच जाते, रस्ता पुन्हा पहिल्यापासून ओढावा लागतो.

यावर उपाय म्हणून काही जण बकेटच्या पाठीवर पाणसळीची बाटली किंवा लोंबता काटा लावतात. तो उपाय चुकीचा आहे. पाणसळ क्षितिज दाखवते, आपल्याला हवी असते चाकाखालची जमीन. उताराच्या रानात ट्रॅक्टर चढाला असेल तर बकेटही तेवढीच कललेली हवी. पाणसळीवर विसंबून ती आडवी केली तर पाते थेट मातीत. शिवाय धक्क्यांनी काटा स्थिर राहत नाही ते वेगळेच. बकेटच्या वरच्या काठाला तळाशी समांतर अशी पट्टी वेल्ड करणारेही आहेत. ती बरी, पण अंदाज शेवटी डोळ्याचाच, आणि ट्रॉलीच्या फाळक्याला लागून ती आठवडाभरात वाकते.

खरी खूण बकेटच्या जॅकवरच, म्हणजे तेलाच्या दाबाने तिला वळवणाऱ्या सिलिंडरवरच मिळते. बकेट किती वळली आहे हे त्या जॅकचा रॉड किती बाहेर आला यावरच ठरते. म्हणून जॅकच्या अंगावर एक नळी बसवायची आणि जॅक बकेटला जोडणाऱ्या पुढच्या पिनला लावलेली सळई त्या नळीतून मागे आणायची. बकेट सपाट असताना सळईचे टोक नळीच्या मागच्या तोंडाशी बरोबर यावे. टोक बाहेर आले तर नाक वर, आत गेले तर नाक खाली. दोन जॅक असले तरी एकालाच लावले की पुरे. सीटवरून जो जास्त दिसतो तो निवडावा.

सामान भंगारातून निघते. अर्धा इंची जीआय पाइप, चार सुती म्हणजे १२ मिमीची गुळगुळीत ब्राइट सळई, २५ बाय ५ ची पट्टी, जॅकच्या घेरापेक्षा एक माप मोठ्या दोन होज क्लिपा, एक १२ मिमीचा बोल्ट, नायलॉक नट (धक्क्यांनी सैल न होणारा), आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा. स्लॅबची दातेरी सळई वापरू नये. तिच्या दातांत चिखल बसतो आणि वाळल्यावर ती नळीत अडकते.

नळीची लांबी अंदाजाने कापली की पुढचे सगळे बिघडते. बकेट सपाट ठेवून जॅकच्या रॉडचे बाहेर आलेले अंतर मोजा, मग बकेट पूर्ण पाडून, म्हणजे माल सांडताना वळवतो तशी पुढे वळवून, पुन्हा मोजा. समजा फरक २५० मिमी आला, तर नळी ३५० मिमीची घ्या. म्हणजे बकेट पूर्ण सांडली तरी सळईचा १०० मिमी भाग नळीत राहतो. नळी आखूड असली की सळई पुढून निसटते, परत येताना नळीच्या काठावर आपटते आणि कोयत्यासारखी वाकते. मोडलेल्या खुणांपैकी बहुतेक अशाच मोडलेल्या दिसतात. बकेट पूर्ण मागे वळवल्यावर सळईचे शेपूट मागे बरेच बाहेर येते; तिथे होजचे जोड किंवा आर्ममधला (बकेट उचलणाऱ्या दोन हातांमधला) आडवा पाइप नाही ना, हेही आधीच पाहावे.

आता जोडणी. जॅकच्या वरच्या अंगाला २०० मिमीची पट्टी लांबीने ठेवायची, खाली ट्यूबचे रबर, दोन टोकांवर दोन क्लिपा. या पट्टीवरून दोन आडवे तुकडे बाजूला काढून त्यांच्यावर नळी वेल्ड करायची, अशी की नळी पिनच्या टोकाच्या सरळ रेषेत येईल. पिन काढून तिच्या टोकाच्या बरोबर मध्यावर १२ मिमीचा बोल्ट वेल्ड करायचा. तो मध्यावरून सरकला तर बकेट फिरताना सळईसुद्धा खालीवर होते. ग्रीस निपल त्याच टोकाला असेल तर पिनचे दुसरे टोक घ्यावे, निपल बुजवू नये. बोल्टवर पट्टीचा उभा पाय आणि पायाच्या माथ्यावर सळई. पायाची उंची म्हणजे पिनच्या मध्यापासून नळीच्या मध्यापर्यंतची उंची. जॅकचा बाहेरचा व्यास ७० मिमी असेल तर ३५ जॅकचे, २ रबराचे, १० दोन पट्ट्यांचे आणि ११ नळीचे, असे साधारण ५८ मिमी. यात चूक झाली की सळई तिरकी होते. मग ती नळीत अडकत चालते. नट आवळून टाकू नये, पाय बोल्टवर फिरता राहिला पाहिजे. मात्र पायाचे भोक सैलही नको. बकेट आर्मला जोडणाऱ्या खालच्या पिनपासून जॅकची पिन २०० मिमीवर आणि पाते ६०० मिमीवर असेल, तर जॅकच्या १ मिमीला पाते साधारण ३ मिमी हलते. भोकात ३ मिमी खेळ म्हणजे पात्याला जवळजवळ १ सेंमीची चूक. सळई नळीत आडवी थोडी हलली तरी बिघडत नाही, पुढे-मागे हलता कामा नये.

वेल्डिंग जे काही करायचे ते पिन आणि पट्टी काढून, बाकावर. जॅकच्या अंगावर टाका मारणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. जॅकची आतून घासून गुळगुळीत केलेली नळी उष्णतेने वाकडी होते, तेल अडवणारे सील जळते, आणि रॉडच्या क्रोमवर उडालेला एक ठिपकासुद्धा पुढे सील कापत राहतो. मग खुणेपायी जॅक उघडावा लागतो. पिन काढण्याआधी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून दाब सोडावा. वर उचललेल्या आर्मखाली जाऊन मापे घेऊ नयेत.

खूण जुळवायला पक्की सपाट जागा लागते. वजनकाट्याचा फलाट किंवा काँक्रीटचे अंगण चालते. चाकांची हवा आधी सारखी करावी. आर्म पूर्ण खाली, बकेट टेकलेली. तळाचा मागचा भाग बहुतेक बकेटना गोलसर असतो, म्हणून गवंड्याची पाणसळ आत, पात्यालगतच्या सपाट पत्र्यावर धरायची. पाणसळीचे काम तेवढेच, आणि तेही जमीन स्वतः आडवी असेल तरच. मग क्लिपा सैल करून नळी पुढे-मागे सरकवत टोक आणि तोंड जुळवायचे, क्लिपा आवळायच्या, आणि क्लिप व जॅक दोन्हींवरून रंगाची एक रेघ ओढायची. धक्क्याने क्लिप सरकली तर रेघ तुटलेली दिसते. सळईच्या टोकाला पांढरा रंग, नळीच्या तोंडाला उसाच्या ट्रॉलीला लावतात तसले तांबडे रेडियम, संध्याकाळीही दिसते. नळीच्या बुडाला ६ मिमीची दोन भोके पाडली की पाणी साचत नाही. सळईला ग्रीस लावू नये, धूळ धरते.

ही खूण कुठे खोटी ठरते, हेही ड्रायव्हरला सांगायला हवे. साध्या लोडरमध्ये जॅकची लांबी बकेटचा आर्मशी असलेला कोन धरून ठेवते, जमिनीशी असलेला नाही. आर्म ३० अंश वर उचलला की बकेटही ३० अंश मागे कलते, खूण मात्र ‘सपाट’च दाखवते. अशा वेळी खुणेवर विश्वास ठेवला तर वरचे दगड बॉनेटवर येतात. समांतर लिंकेजच्या, म्हणजे आर्म उचलताना बकेटचा कोन आपोआप राखणाऱ्या, लोडरला हा दोष नाही. साध्या लोडरवर ट्रॉलीच्या उंचीसाठी दुसरी खूण हवी असेल तर नळीच्या वरच्या अंगाला ग्राइंडरने ८ मिमी रुंद खाच पाडावी. त्या उंचीला बकेट सपाट करताना जॅक आणखी लांबतो, टोक नळीच्या आत जाते, ते खाचेतून दिसते; तिथे काठावर दुसरा रंग लावायचा. खाच १० मिमीहून रुंद करू नये, सळईला नळीचा धर राहिला पाहिजे.

पिनचे बुश, पाते किंवा पुढचे टायर बदलले की खूण पुन्हा जुळवावी लागते. याच खुणेचा एक वरचा उपयोग आहे. भरलेली बकेट फूटभर उचलून इंजिन बंद करावे, माणसे दूर ठेवावीत आणि दहा मिनिटांनी टोक पाहावे. ते आत सरकले असेल तर जॅकचे सील किंवा व्हॉल्व्ह आतून तेल सोडतो आहे.

किर्लोस्करवाडीला कारखाना १९१० मध्ये उभा राहिला, तेव्हापासून या भागाला शेतीच्या लोखंडी अवजारांचा हात आहे. लोडर बनवून बसवणाऱ्या आपल्याकडच्या कारागिरांनी गिऱ्हाइकाने मागण्याची वाट न पाहता पिनच्या टोकाला बोल्ट आधीच बसवून द्यावा. नंतर पिन काढण्याचा अर्ध्या दिवसाचा खोळंबा त्याने वाचतो. आयटीआयच्या फिटर आणि वेल्डरच्या मुलांना सरावाचे काम म्हणूनही हे चांगले आहे, कारण यात माप चुकले की लगेच अडकून दिसते.

सोबत हाताने काढलेली आकृती जोडली आहे. जागा असल्यास शेतीच्या पानावर छापावी. आकृतीत पायाची आणि नळीची उंची सारखी दाखवली आहे, मांडणी करताना ती कमीजास्त होऊ देऊ नये.

आपले,
ट्रॅक्टर-लोडरची फॅब्रिकेशनची कामे करणारे कारागीर,
पलूस, जि. सांगली