दादाच्या कपाटाची किल्ली: एका तपासणी अधिकाऱ्यांस जाहीर आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून आपण माझा दादा राहतो त्या घराच्या तपासणीला आलात, त्याला आता वर्ष होत आले. आपले आभार प्रत्यक्ष मानले होते, तरी ते चार लोकांसमोर मानावेत असे मनापासून वाटते.

दादा 46 वर्षांचा आहे आणि बौद्धिक दिव्यांग आहे. आई गेल्यानंतर तो आणखी पाच जणांसोबत एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर राहू लागला. तिथे चाळिशी ओलांडलेल्या माणसांनाही 'मुले' म्हणतात. हे वसतिगृह नव्हे, स्वतंत्र निवास आहे, इथली मुले भाडेकरू आहेत आणि म्हणून नोंदणीचा प्रश्नच येत नाही, असे व्यवस्थापकांनी आम्हाला सांगितले होते आणि आम्ही सहाही कुटुंबांनी त्यावर विश्वास ठेवला होता.

आपण आलात तेव्हा योगायोगाने मी तिथे होते. आधी रजिस्टर मागाल असे वाटले होते, पण आपण व्यवस्थापकांना खाली थांबायला सांगितलेत आणि प्रत्येकाच्या पलंगाशेजारी बसून बोललात. रात्री भूक लागली तर काय करता? न्हाणीघराची कडी आतून लागते का? तुमचे पासबुक कुठे आहे? शेवटच्या प्रश्नावर दादाने खालच्या मजल्याकडे बोट दाखवले. व्यवस्थापकांच्या टेबलाच्या खणात रबर लावलेली सहा पासबुके निघाली आणि त्यांत पैसे काढण्याच्या कोऱ्या पावत्या होत्या, अंगठे आधीच उमटवलेल्या. त्यांतला एक अंगठा दादाचा होता. संजय गांधी निराधार योजनेचे त्याचे अनुदान त्याच खात्यात जमा होते. मी दर महिन्याला त्याला भेटत होते, पण पासबुक कुठे आहे हे एकदाही विचारले नव्हते.

त्यानंतर आपण जे समजावून सांगितलेत, ते अशा घरांत आपले माणूस ठेवलेल्या प्रत्येकाला माहीत हवे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये दिव्यांगांचा सांभाळ, संरक्षण, प्रशिक्षण किंवा पुनर्वसन करणारी जागा ही संस्थाच मानली जाते आणि नोंदणी प्रमाणपत्राशिवाय ती चालवता येत नाही; दारावर कोणती पाटी लावली आहे यापेक्षा आत काय चालते, ते पाहायचे असते. त्याच कायद्याचे कलम 5 दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क देते, आणि आपण दोन्ही गोष्टी एकत्र धरल्यात याचे मला फार मोल वाटते. घराला टाळे ठोकणे सोपे होते, परंतु तसे झाले असते तर सहा जणांना नातेवाइकांकडे किंवा दूरच्या एखाद्या मोठ्या संस्थेत जावे लागले असते, कोपऱ्यावरचा ओळखीचा दुकानदार आणि रोजची बस दोन्ही सुटली असती. आपण त्रुटींची लेखी यादी दिलीत, नोंदणीच्या अर्जासाठी मुदत दिलीत आणि न कळवता दोनदा परत आलात.

दादाच्या कायदेशीर पालकत्वाच्या, म्हणजे त्याच्या वतीने व्यवहार पाहणारी व्यक्ती नेमण्याच्या, कागदांबाबतही आपण मला वेळीच थांबवलेत. व्यवस्थापक ते स्वतःच्या नावे करू पाहत होते. राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 नुसार हा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेली स्थानिक समिती घेते, पालकाला नियुक्तीपासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यावा लागतो, हे मला आपल्याकडूनच कळले. त्याआधी आपण विचारलेत, "दादांना नेमक्या कोणत्या गोष्टीत मदत लागते, हे त्यांनाच विचारले आहे का?" त्या दिवशी मी प्रथमच ते विचारले. बँकेत जाताना सोबत हवी, एवढेच तो म्हणाला.

एका अधिकाऱ्याकडे किती संस्था, शाळा आणि कर्मशाळा असतात, हे आपल्या गाडीतल्या फाइलींच्या ढिगावरून दिसत होते. तरीही दादाला वाक्य पूर्ण करायला जितका वेळ लागला, तितका आपण दिलात.

आता पासबुक दादाच्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली लाल दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात. स्वयंपाकघराला रात्री कुलूप लागत नाही. पुढच्या तपासणीलाही कृपया आगाऊ कळवू नका. चहा मात्र दादाच्या हातचा घ्या. दूध उतू न जाऊ देता तो करायला शिकला आहे.

आपली कृतज्ञ,
एका रहिवाशाची बहीण