धरणसाठ्याच्या तक्त्यापलीकडचे पाटगाव : आक्कांना जाहीर आभारपत्र

कोल्हापूर

आदरणीय आक्का,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या नावाने लिहीत असले तरी ते चार लोकांनी वाचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण तुमच्या मधाबद्दलची माझी जी शंका तुम्ही दूर केलीत, ती मी चार लोकांतच बोलून दाखवली होती. बारीक अक्षर वाचताना तुमच्या डोळ्यांना त्रास होतो हे मला ठाऊक आहे. धाकट्या नातवाला शेजारी बसवून ते सावकाश वाचून घ्यावे.

कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाला तुमच्या पाटगावचे नाव पावसाळ्यात रोज भेटते. सकाळी वर्तमानपत्र हातात आले की आधी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी पाहायची, ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी यांच्यापासून पाणी अजून किती खाली आहे याचा अंदाज घ्यायचा आणि मग धरणसाठ्याच्या तक्त्यावरून नजर फिरवायची, ही आमच्या घरातली वर्षानुवर्षांची सवय आहे. त्या तक्त्यात राधानगरी, तुळशी, वारणा, दूधगंगा, कासारी, कडवी, कुंभी यांच्या मागोमाग पाटगाव येते. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की आमच्या पेठेत धाकधूक सुरू होते. पाटगावचे पाणी मात्र वेदगंगेने निघून जाते, ते पंचगंगेत येत नाही, म्हणून त्या ओळीवर आमची नजर थांबत नाही. मी भूगोल शिकवते, आणि तरीही तुमचे गाव माझ्या लेखी कितीतरी वर्षे त्या तक्त्यातली एक ओळ होते, हे मला आज कबूल केले पाहिजे.

नववीच्या मुलांना गावपरिचयाचा प्रकल्प द्यायचा, तर आधी आपण एक परिचय लिहून दाखवावा, असे मनात धरून मी गेल्या आश्विनात पहिल्यांदा तुमच्याकडे आले. कळंबा, इस्पुर्ली, बिद्री, मुदाळतिट्टा, गारगोटी इथपर्यंतचा रस्ता ओळखीचा होता. कडगावच्या पुढे झाडी दाट होत गेली, उसाचे फड मागे पडले, भाताची खाचरे आणि त्यांच्या वरच्या अंगाला नाचणीचे तुकडे दिसू लागले आणि डाव्या-उजव्या बाजूंच्या डोंगरांनी रस्ता जवळ घेतला. वहीत टिपणे काढायच्या नादात परतीची शेवटची गाडी निघून गेली. थांब्यावर मी एकटीच उभी आहे हे पाहून तुम्ही डोक्यावरचा भारा खाली न ठेवताच म्हणालात, "आली हाईस तशी ऱ्हा. यष्टी काय सकाळच्याला येणारच की." नाव, गाव, जात, पगार यांतले एकही तुम्ही विचारले नाही. त्या रात्री तुमच्या चुलीपुढे बसून खाल्लेली नाचणीची भाकरी आणि कुळथाचे पिठले यांची चव मी विसरलेले नाही. त्या रात्रीबद्दलचे आभार मी तेव्हाच मानायला हवे होते. ते आज मानते.

माझ्या वहीत त्या दिवशी जे उतरले होते ते सगळे खरे होते, पण ते गावाच्या वरवरचे होते. मौनी महाराजांचा मठ आणि समाधी मी लिहिली होती. दक्षिण दिग्विजयाला निघण्यापूर्वी शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनाला पाटगावी आले होते, हेही लिहिले होते. गावापलीकडे ऐन घाटमाथ्यावर रांगणा किल्ला आहे, त्याला प्रसिद्धगड असेही म्हणतात, आणि त्याच्या पायथ्याशी कोकणच्या अंगाला कुडाळ तालुक्यातले नारूर आहे, ही माहिती नकाशासह नोंदवली होती. धरणाचा साठा पावणेचार टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) आसपास आहे आणि जलाशयाला मौनीसागर म्हणतात, हे तर आधीपासून ठाऊक होते. जे महाराज बोलत नसत त्यांचे नाव आज जलाशयाला आहे, गारगोटीच्या विद्यापीठाला आहे आणि खाली बिद्रीच्या साखर कारखान्याच्या मौनीनगरालाही आहे, या गोष्टीचे मला राहून राहून अप्रूप वाटते. परंतु त्या सगळ्या टिपणांत गावातले माणूस कोठेच नव्हते, आणि तुमच्या परसात फणसाखाली ठेवलेल्या सहा लाकडी पेट्यांबद्दल मी एकच ओळ लिहिली होती: "येथे मधही मिळतो."

परतताना मी तुमच्याकडून तीन बाटल्या मध आणला. एक घरी ठेवली आणि दोन शाळेतल्या सहकाऱ्यांना दिल्या. पौषात थंडी पडली तसा त्यांतल्या एका बाटलीतला मध तळापासून दाटत गेला आणि आठवड्याभरात पांढरट, रवाळ होऊन बसला. शिक्षककक्षात ती बाटली सगळ्यांच्या हातांतून फिरली. खाली साखर बसली आहे, असे एकाने सांगितले. पावसाळ्यात हे लोक माश्यांना साखरेचा पाक पाजतात, असे दुसऱ्याने ऐकले होते. तिसऱ्याने काडी मधात बुडवून पेटवून पाहिली आणि ती पेटली नाही म्हणून निकाल देऊन टाकला. मी त्यांना थांबवले नाही. उलट, गावाकडच्या माणसांवरही आता भरवसा ठेवता येत नाही, अशा अर्थाचे एक वाक्य माझ्याच तोंडून गेले. ज्या घरात मी परकी असताना जेवले आणि झोपले, त्या घराबद्दल मी ते बोलले, आणि हे लिहिताना आजही मला जड जाते.

तुम्हाला फोन करून मी जे विचारले ते साध्या शब्दांत विचारले, तरी त्यातला संशय तुमच्या ध्यानात आला असणार. तुम्ही रागावला नाहीत की शपथही घेतली नाही. "पाक पाजतो की," असे सरळ सांगून तुम्ही मला चैत्रात यायला सांगितलेत आणि ती बाटली तोवर कोमट पाण्यात ठेवून बघ म्हणालात. मी ठेवली. तासाभरात रवा विरघळला आणि मध पूर्वीसारखा वाहू लागला. मधात द्राक्षशर्करा आणि फलशर्करा अशा दोन शर्करा असतात, त्यांतली द्राक्षशर्करा थंडीत परागाच्या कणांभोवती स्फटिक धरते, आणि कोणत्या फुलांचा मध आहे यावर तो लवकर दाटेल की उशिरा हे ठरते, ही माहिती मी त्यानंतर वाचून काढली. काडी पेटवून, पाण्यात थेंब सोडून किंवा कागदावर डाग पाहून मधाची शुद्धता ठरत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते, हेही तेव्हाच नीट कळले. हे सगळे शिक्षककक्षात मी तोंडी सांगितले आहे. आता लिहूनही ठेवते.

चैत्रातल्या त्या सकाळी तुम्ही मला पेटी उघडून दाखवलीत. तोंडाला जाळी बांधून मी चार पावले मागे उभी होते आणि तुम्ही उघड्या हातांनी झाकण उचललेत. आत सातेरी माशी होती. आग्या माशी उंच झाडाला नाहीतर कड्याला एकच मोठे उघडे पोळे लावते, ती पेटीत राहत नाही. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकामागे एक अशी समांतर पोळी बांधते आणि म्हणूनच ती पेटीतल्या चौकटींवर नांदते, हे तुम्ही माशीच्या अंगावर बोट न लावता मला दाखवत गेलात. खालच्या कप्प्यात राणी, अंडी, अळ्या, पराग आणि त्यांच्या स्वतःच्या खाण्याचा मध. वरच्या कप्प्यात फक्त जादाचा मध. वरच्या चौकटीतली जी घरे माश्यांनी मेणाच्या पातळ पापुद्र्याने बंद केली होती तेवढाच मध पिकलेला, उघड्या घरांतला अजून पातळ, तो काढला तर आंबेल, असे म्हणून तुम्ही अर्धवट भरलेली एक चौकट पुन्हा जागच्या जागी सोडून दिलीत. त्या चौकटीत माझ्या अंदाजाने बाटलीभर तरी मध असेल. विकला असता तर घेणाऱ्याला काही कळले नसते.

मग सुरीने पापुद्रा सोलून चौकट यंत्रात ठेवली, हाताने ते फिरवले आणि मध पत्र्याच्या भिंतीवर उडून खाली ओघळू लागला. जांभळाचा बहर नुकताच सरला होता आणि मधाला त्या रंगाची गडद झाक होती. रिकामे पोळे न मोडता तुम्ही पेटीत परत ठेवलेत, कारण मेण तयार करायला माश्यांना त्याच्या कितीतरी पट मध खर्ची घालावा लागतो. तुमच्या सासऱ्यांच्या काळी धूर करून ढोलीतले पोळे काढायचे आणि अळ्यांसकट हाताने पिळायचे, त्यात सगळी वसाहत जायची, हे सांगताना तुमचा आवाज खाली गेला होता.

पाकाचे उत्तर तुम्ही त्यानंतर दिलेत. मिरगापासून पुढे पाऊस धरतो, आठ-आठ दिवस उघडीप नसते, बाहेर फूल नसते आणि असले तरी माशीला उडता येत नाही. त्या दिवसांत वरचा कप्पा काढून घ्यायचा आणि खाली उरलेल्या माश्यांना साखरेचा पाक द्यायचा. फुले यायला लागली की पाक बंद करायचा, मगच वरचा कप्पा पुन्हा चढवायचा. पाकावर माश्या जगतात, तो बाटलीत येत नाही. "आमी त्यांचं खायाचं, मग त्यांच्या अडीनडीला आमी नको व्हय?" असे तुम्ही विचारलेत, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

महाबळेश्वरजवळचे मांघर हे २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झाले आणि त्यानंतर राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाने याच योजनेत पाटगाव घेतले. २०२३ मध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या उत्कृष्ट पर्यटन गावांच्या स्पर्धेत पाटगावला कांस्य श्रेणीचा पुरस्कार मिळाला. हे दोन्ही मी नव्या परिचयात लिहिले आहे, पण आता ते सुरुवातीला नाही. सुरुवातीला फुले आहेत. जांभूळ केव्हा फुलते, त्यामागून हिरडा केव्हा येतो, गेळा कोठे असतो आणि सात वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीचे साल गावातली बाई बोटांवर मोजून कसे सांगते, हे सगळे तुम्ही मला बांधाबांधाने हिंडवून सांगितलेत. कुऱ्हाड लागलेले हिरड्याचे खोड तुम्ही दाखवलेत आणि ते झाड कोणत्या वर्षी गेले, तेही तुम्हाला पाठ होते. जंगल टिकले तर मध टिकेल, हे वाक्य मी पुस्तकात अनेकदा वाचले होते. इथे मात्र एका झाडाच्या खोडाशी एका घराचा उन्हाळ्याचा खर्च बांधलेला मी डोळ्यांनी पाहिला.

रात्री गवे उतरून भात तुडवतात, राखणीला माळ्यावर जागावे लागते, तरणी मुले कोल्हापूर-पुण्याची वाट धरतात, हेही तुम्ही लपवले नाही. गावाच्या उशाशी एवढे पाणी आहे आणि त्यावर खाली गारगोटी-मुरगूडच्या अंगाला ऊस उभा राहतो, तरी वरच्या वाडीतल्या बाया चैत्रात कळशी घेऊन चालताना मी पाहिल्या. धरणसाठ्याच्या तक्त्यात हे कोठेच दिसत नाही, म्हणून मी ते परिचयात घातले आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्या सांगण्यावरून खोडली आहे. आग्या माश्यांच्या कड्याची वाट मी नकाशात दाखवली होती. ती छापली की मशाली घेऊन माणसे येतील आणि एका रात्रीत सगळी पोळी जळून जातील, असे तुम्ही म्हणालात. नकाशाचा तो कोपरा आता कोरा आहे. विद्यार्थ्यांनी तो कोरा का, असे विचारले, तर तेवढेच कारण मी त्यांना सांगणार आहे.

आक्का, तुम्ही मला घर दिलेत, दोन दिवसांचे कामाचे तास दिलेत आणि ज्या माणसाने तुमच्यावर संशय घेतला त्याच माणसाला पेटीचे झाकण उघडून दाखवलेत. त्याबद्दल मी तुमची अत्यंत ऋणी आहे. शाळेतल्या ज्या सहकाऱ्यांनी मधावर शंका घेतली होती, त्यांनीही या पत्रात आपला नमस्कार कळवायला सांगितला आहे, आणि त्यांतल्या एकाने पुढच्या हंगामासाठी चार बाटल्या सांगून ठेवल्या आहेत. तुमच्याकडे शिल्लक असेल तरच द्याव्यात, पेटीतल्या अर्ध्या चौकटी काढू नयेत, असे मी त्यांना आधीच बजावले आहे.

मिरगाच्या आधी मी एकदा येऊन जाईन. येताना धुऊन वाळवलेल्या रिकाम्या बाटल्या आणि पाकासाठी दहा किलो साखर घेऊन येते. साखरेला कृपा करून नाही म्हणू नये. सोबत परिचयाची नवी पाने जोडली आहेत. नातवाकडून ती वाचून घ्या आणि जिथे माझे चुकले असेल तिथे त्याला पेन्सिलीने फुली मारायला सांगा. कारवीच्या पुढच्या बहराचे साल मी तुमच्या मोजणीप्रमाणे लिहिले आहे, तेवढे विशेष तपासावे. मुलांच्या हाती पाने जून महिन्यात पडायची आहेत, तोवर दुरुस्ती होईल.

आपली नम्र,
त्या दिवशी यष्टी चुकलेली बाई