विषय : सदनिका 402 मधील नळाचे काम व सदनिका 302 मधील गळती (चौथे पत्र)

दिनांक : 28 ऑगस्ट

प्रति,
मा. अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था, डोंबिवली (पूर्व)

महोदय,
स.न.वि.वि.

आधीची तीन पत्रे मी सचिवांकडे पोच घेऊन दिली होती. लेखी उत्तर एकाचेही आले नाही. तोंडी उत्तर दोनदा मिळाले आणि दोन्ही वेळा तेच : "आठ दिवसांत आटपतंय." म्हणून आता थेट आपल्याला लिहिते आहे.

402 शी माझा वैयक्तिक वाद नाही, हे आधीच सांगते. आम्ही 24 वर्षे खाली-वर राहतो. त्यांच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांसाठी आमची एक खोली आठवडाभर मोकळी करून दिली होती.

11 फेब्रुवारीला जिन्यात वहिनी भेटल्या. म्हणाल्या, "बाथरूमचा नळ ठिबकतोय, वायसर बदलायचाय, थोडी ठाकठूक होईल." मी म्हणाले, करा की. प्लंबर आला. नळ इतका जाम झाला होता की पान्याने पिळताना भिंतीतला जीआय (जस्ताचा मुलामा असलेला लोखंडी) पाइपच आट्यांपाशी तुटला. यात त्यांचा दोष नाही. इमारत 1994 ची आहे, त्या काळी भिंतीत जीआय पाइपच घालत आणि ते आतून गंजून बुजत येतात. वीतभर भिंत फोडली तर पुढचा पाइपही तसलाच निघाला, मग सगळी लाइन सीपीव्हीसी प्लास्टिकची करायचे ठरले. त्यासाठी लाद्या काढल्या. तो रंग आता कुठे मिळत नाही, म्हणून चारही भिंतींच्या काढल्या. भिंती नव्या झाल्यावर जमीन जुनाट दिसू लागली, ती फोडली. ती फोडताना नहाणी ट्रॅपचा (मोरीचे पाणी जमिनीतून बाहेर नेणाऱ्या भागाचा) सांधा हलला आणि खालचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून घातलेला विटांच्या तुकड्यांचा थर, उखडला. 19 मार्चपासून माझ्या न्हाणीघराच्या छतातून पाणी येते आहे.

तिथेही काम थांबले नाही. बाथरूमनंतर संडास, संडासानंतर स्वयंपाकघराचा ओटा, आणि जूनमध्ये स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंत पाडली. ती भिंत भार घेणारी नाही, असे ठेकेदार म्हणतो. तो अभियंता नाही. अभियंत्याचा दाखला समितीने मागितला का, हे मी दुसऱ्या पत्रात विचारले होते.

वायसर बदलायला समितीची परवानगी लागत नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण सदनिकेत फेरबदल करायचा तर समितीची लेखी पूर्वपरवानगी लागते, असे आपल्याच उपविधीत आहे. वायसर कुठे संपला आणि फेरबदल कुठे सुरू झाला, हे बघणे समितीचे काम होते. प्रत्येक टप्प्यावर "आता एवढंच राहिलंय" असे सांगितले गेले आणि प्रत्येक वेळी समितीने मान डोलावली. अशाने भिंत पडली तरी परवानगीचा कागद कुठेच नाही. 2016 मध्ये मी माझ्या बाथरूमच्या लाद्या बदलल्या तेव्हा रीतसर अर्ज दिला होता, दुपारी एक ते चार काम बंद ठेवले होते आणि बाराव्या दिवशी शेवटची गोणी खाली गेली होती. तो अर्ज दप्तरात असेल.

सध्याची अवस्था अशी. छताचा गिलावा सुटला आहे आणि तीन ठिकाणी सळई उघडी पडली आहे. पाणी लागले की सळई गंजते, गंजली की फुगते आणि फुगली की खालचे काँक्रीट ढकलून देते. म्हणजे हा रंगसफेदीचा प्रश्न राहिलेला नाही, तो स्लॅबचा आहे, आणि स्लॅब आपणा सर्वांचा आहे. माझ्या सासूबाई 84 वर्षांच्या आहेत. त्या आंघोळीला आत गेल्या की मी दाराशी उभी असते.

आवाजाबद्दल थोडक्यात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. भिंती-फरशी फोडायचा ब्रेकर चालू असताना मी मोबाइलवर 88 मोजले. लिफ्टमधून रेतीच्या गोण्या नेल्यामुळे लिफ्ट दोनदा अडकली, त्यात एकदा 501 च्या आजी आत होत्या. डेब्रिजच्या गोण्या चार महिने मीटरबॉक्सखाली पडून आहेत. 201, 301 आणि 304 यांचेही हेच म्हणणे आहे. संबंध बिघडतील म्हणून ते सही करत नाहीत, पण आपण विचारल्यास सांगतील.

आणि हे पहिल्यांदा घडत नाही. 2012 मध्ये त्यांच्या बाल्कनीतल्या कुंड्यांचे पाणी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत होते, तेव्हाही "बघतो" म्हणाले. 2019 मध्ये एसीचे पाणी. दोन्ही वेळा मी शेजारधर्म म्हणून गप्प बसले. आपण आणि 402 चे साहेब रोज सकाळी एकत्र फिरायला जाता, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. फक्त माझ्या पत्रांचा विषय त्या वाटेवर मिटवला जाऊ नये.

माझी मागणी साधी आहे. 402 च्या बाथरूमची मोरी बंद करून 48 तास पाणी साठवून ठेवावे आणि खाली माझ्याकडे समितीच्या दोन सदस्यांनी पाहावे. नव्या लाद्या बसवण्याआधी ही चाचणी करायची असते. ती केली नाही, आणि आता महागाच्या लाद्या पुन्हा फोडाव्या लागतील म्हणून कोणी तिचे नाव काढत नाही. संडास, सिंक वगैरेंच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदनिकाधारकाने सोसायचा, हेही उपविधीत आहे, त्यामुळे खर्च कोणाचा हा प्रश्न उरत नाही. चाचणी होईपर्यंत वर नवीन काहीही फोडू देऊ नये. डेब्रिज आठवड्यात हलवावे. आणि हे पत्र पुढच्या सभेत वाचून इतिवृत्तात घ्यावे.

15 सप्टेंबरपर्यंत लेखी उत्तर न आल्यास मी उपनिबंधक कार्यालयात तक्रार करेन. तशी वेळ येऊ नये असे मनापासून वाटते.

पाहणीला यायचे असल्यास सकाळी साडेसातला यावे. तेव्हा वर आंघोळी चालू असतात आणि माझी बादली वीस मिनिटांत भरते.

आपली नम्र,
सभासद, सदनिका 302

सोबत : छताचे सहा फोटो, आधीच्या तीन पत्रांच्या पोच असलेल्या प्रती